कपाटावरचे लोहचुंबक

यंदाच्या मे महिन्यात, बाहेरचे ऊन अंगणात पाऊल टाकू देत नव्हते आणि कूलरच्या घरघरीत कोणाचे बोलणे कोणाला नीट ऐकू येत नव्हते, अशा एका दुपारी आमच्या नातवाने अडगळीतला बंद पडलेला स्पीकर उघडला आणि त्यातले वाटीएवढे गोल लोहचुंबक मोकळे केले. ते कुठे कुठे चिकटते याची पाहणी करीत तो दाराच्या कडीपासून पाण्याच्या मोटारीपर्यंत सगळीकडे फिरला आणि शेवटी त्याने ते लोखंडी कपाटाच्या माथ्यावर ठेवून दिले. तिथेच, वीतभर अंतरावर, मुलाची बाहेरून जोडण्याची हार्ड डिस्क पडलेली होती. सौ.चे लक्ष गेले आणि तिने स्वयंपाकघरातूनच आवाज दिला, "अरे, काय करून राहिला तू? तुझ्या आईबाबांच्या लग्नाचे सारे फोटो आहेत ना त्यात, पुसून जातील सगळे!" नातू म्हणाला, "आजी, मी तर फक्त ठेवलं ना." मी घाईघाईने उठलो आणि चुंबक उचलून खाली ठेवले. डिस्क लॅपटॉपला जोडून पाहिली, तर सगळे फोटो जागच्या जागी होते.

मी उठलो तो विचार करून नव्हे, जुन्या सवयीने. १९९० च्या दशकात मी नागपूर शहरातल्या एका पतसंस्थेत हिशेबाचे काम करीत असे आणि रोजच्या व्यवहारांची नक्कल फ्लॉपीवर, म्हणजे संगणकाची माहिती साठवणाऱ्या त्या काळच्या चपट्या चुंबकी चकतीवर, घेऊन ती दुसऱ्या शाखेत पोचवण्याची जबाबदारी माझ्याकडे होती. फ्लॉपी टेलिफोनजवळ ठेवायची नाही, कारण त्या काळच्या टेलिफोनच्या घंटीत विद्युतचुंबक असे; स्पीकरजवळ ठेवायची नाही; टाचण्या धरून ठेवणाऱ्या चुंबकी डबीजवळ तर मुळीच नाही. फ्लॉपीच्या पाकिटावरही चुंबकाच्या चित्रावर फुली मारलेली असे. ही शिकवण अंगात इतकी मुरली होती की फ्लॉपी जाऊन पंधरा-वीस वर्षे झाली तरी भीती तेवढी राहिली, आणि ती मी घरातल्या सगळ्यांना वाटूनही टाकली. त्या दुपारनंतर मात्र मला वाटले, की ज्या भीतीपायी आपण नातवावर ओरडतो ती आज किती खरी आहे हे एकदा नीट तपासावे.

चुंबकाने माहिती पुसली जाते ही गोष्ट मुळात खोटी नाही. आयबीएमने १९५६ मध्ये बाजारात आणलेल्या पहिल्या हार्ड डिस्कमध्ये २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या होत्या आणि एवढ्या मोठ्या यंत्रात जेमतेम ५० लाख अक्षरे मावत. पण तेव्हापासून आजपर्यंत मूळ कल्पना तीच आहे. तबकडीवर चुंबकीय पदार्थाचा अतिशय पातळ थर असतो, त्यातले सूक्ष्म कण एका दिशेने किंवा तिच्या उलट दिशेने चुंबकित केलेले असतात, आणि या दिशांच्या बदलातूनच शून्य आणि एक वाचले जातात. बाहेरून जोरदार चुंबक आले आणि त्याने या कणांची दिशा फिरवली, की माहिती गेली. प्रश्न "जोरदार" या शब्दाचा आहे. कणांची दिशा फिरवायला ठरावीक जोर लागतो, आणि त्याहून कमी जोर कितीही वेळ लावला तरी कायमचा बदल होत नाही. घट्ट बसलेली कडी अर्धवट ढकलली, तर हात काढताच ती मागे येते. ती शंभर वेळा अर्धवट ढकलली म्हणून उघडत नाही. चुंबक डिस्कजवळ "खूप दिवस" राहिले म्हणून डिस्क गेली, असे जे सांगितले जाते, त्यातला खूप दिवस हा भाग म्हणूनच फारसा टिकत नाही.

आता आकडे पाहू. चुंबकीय क्षेत्र गॉस या एककात मोजतात. पृथ्वीचे स्वतःचे क्षेत्र आपल्याकडे अर्ध्या गॉसहूनही थोडे कमी आहे. फ्रीजच्या दारावर लावतो त्या रबरी, चपट्या चुंबकाचे क्षेत्र अगदी पृष्ठभागावर ५० ते १०० गॉसच्या आसपास असते. स्पीकरमधले काळे फेराइटचे चुंबक काही शे गॉसपासून हजारापर्यंत जाते. या सगळ्यांना मागे टाकणारे निओडायमियमचे चकचकीत चुंबक १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला जपान आणि अमेरिका येथे स्वतंत्रपणे तयार झाले आणि आज ते मोबाइलच्या कव्हरपासून पर्सच्या बटणापर्यंत सगळीकडे आहे. त्याच्या पृष्ठभागावर चार-पाच हजार गॉस सहज मिळतात. दुसऱ्या बाजूला, जुन्या सव्वापाच इंची ३६० केबीच्या फ्लॉपीवरची माहिती फिरवायला साधारण ३०० गॉस पुरत, साडेतीन इंची १.४४ एमबीच्या फ्लॉपीला सातशेच्या आसपास लागत, आणि आजच्या हार्ड डिस्कच्या तबकडीला पाच हजारांच्या घरात लागतात. पतसंस्थेत मला मिळालेली ताकीद त्या काळी योग्यच होती. माध्यम दर पिढीला अधिक हट्टी होत गेले आणि ताकीद मात्र होती तिथेच राहिली.

माध्यमाचा हा हट्ट मुद्दाम वाढवलेला आहे. थोड्या जागेत जास्त माहिती बसवायची तर कण लहान करावे लागतात, आणि कण लहान केले की साध्या खोलीतल्या उष्णतेनेही ते आपोआप दिशा बदलू लागतात. म्हणून सहजासहजी न फिरणारे पदार्थ शोधावे लागले. आता तर अशा काही हार्ड डिस्क बाजारात आल्या आहेत, ज्यांच्या तबकडीवरचा ठिपका लेसरने क्षणभर तापवल्याशिवाय डिस्कचे स्वतःचे लेखनशीर्षही, म्हणजे तिचे लिहिणारे टोकही, तिथे काही लिहू शकत नाही. जिथे केसाच्या जाडीच्या हजारो पटींनी कमी अंतरावर असलेल्या शीर्षाची ही गत, तिथे कपाटावरच्या चुंबकाने काय करावे?

अंतराचा मुद्दा तर याहून मोठा आहे, आणि घरगुती चर्चेत तो कोणी विचारातच घेत नाही. चुंबकाचे क्षेत्र दिव्याच्या उजेडासारखे हळूहळू विरत नाही, ते कोसळते. थोडे दूर गेल्यावर अंतर दुप्पट केले की जोर आठपट कमी होतो. १० मिलिमीटर व्यासाचे आणि ५ मिलिमीटर जाडीचे निओडायमियमचे एक चांगले चुंबक घेऊन मी कागदावर हिशेब केला. पृष्ठभागावर सुमारे साडेचार हजार गॉस, एक सेंटिमीटरवर साडेतीनशे, दोन सेंटिमीटरवर सत्तरच्या आत, आणि पाच सेंटिमीटरवर जेमतेम पाच-सहा. हार्ड डिस्कचे कवच, त्याच्या आतली मोकळी जागा आणि बाहेरचा प्लास्टिकचा डबा मिळून बऱ्याचदा सेंटिमीटरभर अंतर पडते. नातवाचे चुंबक वीतभर लांब होते, शिवाय खाली कपाटाचा लोखंडी पत्रा होता, आणि असा पत्रा चुंबकाच्या रेषा स्वतःकडे ओढून घेतो. त्या दुपारी डिस्कपर्यंत जे पोचले असेल, ते माहिती फिरवायला लागणाऱ्या जोरापुढे नगण्यच असणार.

कागदावर पटले तरी मनाला पटेना, म्हणून मी घरीच थोडे प्रयोग केले. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात दहा-बारा फ्लॉप्या शिल्लक होत्या. तो डबा त्या वेळी केवळ घरात पडून होता म्हणून घेतला होता, पण तोही पोलादी पत्र्याचा असल्याने थोडेफार संरक्षण देत असणार, हे मला आज कळते. यूएसबीवर चालणारा एक फ्लॉपी ड्राइव्ह मित्राकडून मागून आणला. आधी फ्रीजवरचे, संत्र्याच्या आकाराचे रबरी चुंबक एका फ्लॉपीवर रात्रभर ठेवले. सकाळी सगळ्या फायली वाचता आल्या. या रबरी चुंबकांत उत्तर आणि दक्षिण ध्रुवांच्या अरुंद पट्ट्या आलटून पालटून असतात, त्यामुळे कागद धरून ठेवण्यापुरता जोर अगदी जवळ मिळतो आणि दोन-तीन मिलिमीटरवर जवळजवळ संपतो. मग स्पीकरचे चुंबक दुसऱ्या फ्लॉपीवर नुसते टेकवून उचलले. काही फायली उघडल्या, काही अडखळल्या. तिसऱ्या फ्लॉपीवर मात्र ते चांगले गोल गोल घासले. ड्राइव्हने बराच वेळ कर्र कर्र आवाज केला आणि शेवटी संगणकाने विचारले, की ही फ्लॉपी फॉरमॅट करायची का? म्हणजे पतसंस्थेतला नियम तीस वर्षांनी का होईना, स्वतःच्या डोळ्यांनी खरा ठरलेला पाहिला, आणि खरे सांगायचे तर त्यात मला थोडा आनंदही झाला.

त्यानंतर जुन्या संगणकातली ८० जीबीची हार्ड डिस्क घेतली. आधी तिच्यातल्या सगळ्या फायलींचे चेकसम, म्हणजे मजकुरावरून निघणारे पडताळणीचे आकडे, काढून ठेवले, म्हणजे एक अक्षर जरी बदलले तरी कळावे. स्पीकरचे चुंबक तिच्या झाकणावर चिकटपट्टीने बांधून आठ दिवस तसेच राहू दिले. नवव्या दिवशी डिस्क जोडली, चेकसम पुन्हा काढले, आणि एकही आकडा बदललेला नव्हता. एका पेन ड्राइव्हला निओडायमियमचे चुंबक दोऱ्याने बांधले होते, तोही जसाच्या तसा निघाला. एका घरातले चार प्रयोग म्हणजे काही शास्त्रीय सिद्धता नव्हे, पण हिशेब जे सांगत होता त्याच्या विरुद्ध काही घडले नाही.

गंमत अशी, की हार्ड डिस्कला चुंबकापासून जपायचे म्हणतो, तिच्या पोटातच घरातले सर्वांत जोरदार चुंबक बसलेले असते. तबकडीवरून शीर्ष इकडून तिकडे नेणारी जी बाहू असते, ती निओडायमियमच्या पट्ट्यांमध्ये अडकवलेल्या तारेच्या वेटोळ्याने हलते. या पट्ट्या तबकडीच्या काठापासून फार लांब नसतात. मात्र त्यांच्या पाठीशी जाड पोलादी पट्टी असते, आणि चुंबकाच्या रेषा त्या पट्टीतून फिरून परत जातात, तबकडीकडे फारशा येत नाहीत. हे मी ऐकून सांगत नाही; एक खरोखर मेलेली डिस्क मी नंतर उघडली, त्या पट्ट्या बाहेर काढल्या, आणि दोन्ही एकमेकींवर आदळल्या तेव्हा माझ्या अंगठ्याची कातडी मध्ये सापडली. (लहान मुलांच्या हातात असे दोन चुंबक देऊ नयेत, गिळले तर आतड्यात ते एकमेकांना ओढून फार मोठी इजा करतात.)

म्हणजे चुंबकाने हार्ड डिस्क बिघडतच नाही का? बिघडते, पण वेगळ्या रीतीने. डिस्क चालू असताना तबकडी मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० फेरे घेत असते आणि शीर्ष तिच्यावर काही नॅनोमीटर उंचीवर तरंगत असते. अशा वेळी मोठे निओडायमियमचे चुंबक झाकणाला लावले, तर बाहूची चाल चुकू शकते किंवा चुंबक झटक्याने आदळल्याच्या धक्क्याने शीर्ष तबकडीला टेकू शकते. त्यात माहिती पुसली जात नाही, तबकडी खरवडली जाते. चालू डिस्कवर मी प्रयोग केला नाही आणि कोणी करूही नये.

माहिती खरोखर पुसायचीच असेल, तर त्यासाठी डिगॉसर नावाचे यंत्र असते. ते क्षणभर हजारो गॉसचा, आजच्या डिस्कच्या हट्टाहून मोठा तडाखा देते. त्याचा एक परिणाम मला फार उद्बोधक वाटला. माझी घासलेली फ्लॉपी फॉरमॅट केल्यावर पुन्हा वापरता आली, कारण तिच्यावरच्या वाटा ड्राइव्ह स्वतः आखून देतो. हार्ड डिस्कच्या तबकडीवर मात्र वाट दाखवणाऱ्या खुणा कारखान्यातच लिहिलेल्या असतात, आणि डिगॉसर माहितीबरोबर त्या खुणाही पुसून टाकतो. त्यामुळे चुंबकाने खरोखर पुसलेली हार्ड डिस्क कोरी होत नाही, कायमची निकामी होते. "चुंबक लागल्यामुळे दोन-चार फोल्डर गेले, बाकी ठीक आहे" असे कोणी सांगितले, तर कारण दुसरे कुठेतरी शोधावे.

पेन ड्राइव्ह, मेमरी कार्ड आणि एसएसडी (फिरत्या तबकडीऐवजी चिपवर माहिती ठेवणारी डिस्क) यांच्याबद्दल लिहायला फारसे काही नाही, कारण त्यांत चुंबकत्वाचा संबंधच नाही. तोशिबातले अभियंते फुजिओ मासुओका यांनी १९८० च्या दशकात मांडलेल्या फ्लॅश मेमरीत माहिती म्हणजे विद्युतरोधक थराने वेढलेल्या इवल्याशा कप्प्यात अडकवून ठेवलेले इलेक्ट्रॉन. घरातल्या चुंबकाने ते हलत नाहीत आणि डिगॉसरनेही पुसले जात नाहीत. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेच्या मार्गदर्शिकेतही फ्लॅशसाठी डिगॉसिंग उपयोगाचे नाही, असेच म्हटले आहे. सीडी आणि डीव्हीडी तर प्रकाशाने वाचल्या जातात, त्यांना चुंबकाचे काय?

कार्डांची गोष्ट थोडी निराळी आहे. कार्डांच्या पाठीवरच्या चुंबकी पट्टीत दोन जाती असतात. हॉटेलच्या खोलीच्या चावीसारख्या तात्पुरत्या कार्डांची पट्टी ३०० गॉसलाच नमते, म्हणून पर्सच्या चुंबकी बटणाने ती खरोखर बंद पडते. बँकेच्या कार्डांची पट्टी सहसा पावणेतीन हजारांच्या घरातली असते. शिवाय रिझर्व्ह बँकेने ३१ डिसेंबर २०१८ ही मुदत देऊन पट्टीची कार्डे बदलून चिपची करायला लावली, आणि चिपला चुंबक काही करीत नाही. आपल्या मेट्रोच्या महाकार्डाचेही तेच.

आमच्या घरी चुंबकाने खरेच काही नेले असेल, तर ते कॅसेटवरचे. वडिलांनी गावाकडच्या खंजिरी भजनांचे ध्वनिमुद्रण करून ठेवले होते आणि त्या कॅसेटची थप्पी वर्षानुवर्षे मोठ्या स्पीकरच्या डोक्यावर असे. साध्या कॅसेटची फीत तीन-साडेतीनशे गॉसची, म्हणजे अगदी भोळी. तळाच्या दोन कॅसेटमध्ये खंजिरीचा खणखणाट बोथट झाला होता, आवाज मधूनमधून खाली जाई. ध्वनिफितीत नुकसान असे हळूहळू ऐकू येते. संगणकाच्या माहितीत चूक दुरुस्त करणारी गणिते आधीच पेरलेली असतात, त्यामुळे थोड्या नुकसानीचा पत्ताही लागत नाही आणि मर्यादा ओलांडली की फाइल एकदम उघडेनाशी होते. स्पीकर आणि फितीची सवय असलेल्या पिढीने "हळूहळू पुसले जाते" हा अनुभव तसाच हार्ड डिस्कला लावला असावा, असा माझा अंदाज आहे.

भीती टिकण्याचे दुसरे कारण जुने टीव्ही. काचेच्या मोठ्या पडद्याजवळ चुंबक नेले, की इलेक्ट्रॉनांची धार वाकून चित्र हिरवे-जांभळे होई, आणि आतली जाळी चुंबकित झाली तर डाग चुंबक काढल्यावरही राहत असे. एवढे डोळ्यांदेखत झाल्यावर आत साठवलेलेही बिघडले असणार, असे कोणालाही वाटेल. आजही असा एक चकवा आहे. लॅपटॉपचे झाकण मिटल्याचे कळावे म्हणून त्यात बहुधा छोटे चुंबक आणि ते ओळखणारा सेन्सर असतो. सुनेने चुंबकी फासाचे मोबाइल कव्हर लॅपटॉपच्या तळहाताजवळच्या कडेवर ठेवले आणि पडदा काळा झाला. "बाबा, माझी हार्ड डिस्क गेली," म्हणत ती धावत आली. कव्हर उचलले, पडदा उजळला. लॅपटॉपला वाटले होते, की आपल्याला मिटले आहे.

या सगळ्यात माझी तक्रार एका गोष्टीची आहे. वर ज्या मेलेल्या डिस्कचा उल्लेख केला, ती मी बर्डीवरच्या एका दुरुस्तीवाल्याकडे नेली होती. त्याने ती न उघडता, कानाजवळ धरून सांगितले, "काका, मॅग्नेट लागलं असेल बघा." डिस्क जोडली की टक् टक् आवाज करीत होती, आणि ती आठवडाभर आधी टेबलावरून पडली होती हे मला पक्के ठाऊक होते. चुंबकावर खापर फोडले की पडझड, वीज अचानक जाणे, झीज यांच्याकडे कोणी पाहत नाही. मीही तेच केले होते. पतसंस्थेच्या फ्लॉप्या एकदा मे महिन्यात दोन दिवस लागोपाठ वाचता आल्या नाहीत, तेव्हा आम्ही शाखेतला टेलिफोन हलवला. फ्लॉपीच्या पाकिटावर चुंबकाच्या चित्राशेजारीच तापमानाची मर्यादाही छापलेली असे, साधारण ५० अंशांची, आणि मी त्या फ्लॉप्या स्कूटरच्या डिकीत ठेवून भर दुपारी महाल भागातून धरमपेठेत नेत होतो. ज्या शहरात २३ मे २०१३ रोजी सावलीत ४७.९ अंश नोंदले गेले, तिथे उन्हात उभ्या स्कूटरच्या डिकीत किती होत असेल?

उष्णतेचे भय फ्लॅशलाही आहे. चिप-उद्योगाची मानके ठरवणाऱ्या जेडेक या संस्थेच्या मानकात, वापरून पुरती झिजलेली घरगुती एसएसडी वीज न देता ३० अंशांत ठेवली, तर तिने वर्षभर माहिती जपावी एवढीच अपेक्षा आहे, आणि तापमान वाढले की हा काळ घटतो. नवी एसएसडी याहून पुष्कळ अधिक टिकते, पण आमचे ते कपाट पश्चिमेच्या भिंतीला लागून आहे आणि वर स्लॅब आहे.

म्हणून डिस्क आता तिथे नाही. तिची एक नक्कल मुलाकडे पुण्याला आहे आणि मूळ डिस्क माझ्या खोलीतल्या खालच्या खणात, रुमालात गुंडाळून ठेवली आहे. नातवाचे चुंबक परत कपाटाला चिकटले आहे, विजेचे बिल धरून. मेलेल्या डिस्कमधून काढलेली पट्टी फ्रीजवर आहे; दिनदर्शिकेचे पान उलटताना सौ.ला ती दोन्ही हातांनी सरकवावी लागते, आणि ती दर महिन्याला विचारते, "अहो, हे फ्रीजला तर काही करत नाही ना?"